वरची दाढ, कॅनॉल तीन

३ जून
बाबांच्या वरच्या दाढेचं रूट कॅनॉल आज मीच केलं. वरच्या जबड्यात त्यांची ही एकच उरली आहे, कवळीची तार तिलाच अडकते. ती गेली की चावणंच संपलं. खुर्चीत बसता बसता त्यांनी सिस्टरना सांगितलं, हा माझा मुलगा. सिस्टर क्लिनिक उघडलं तेव्हापासून आहेत.
मुळं तीन, त्यांतले नसेचे कॅनॉल तीन. साफ केले, भरले, चहा गार व्हायच्या आत मोकळा.

४ जून
कॉलेजातल्या मित्राला फोनवर सहज सांगितलं. तो म्हणाला, चौथा शोधलास का? गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा दोन असतात, दुसऱ्याचं तोंड झाकलेलं असतं, मायक्रोस्कोपशिवाय सापडत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. माझा एक्स-रे स्वच्छ आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

११ जून, सकाळ
बाबांना ठणका आहे म्हणे. काल बसवलेली कॅप उंच झाली असणार. घासून दिली.
संकल्प: यापुढे घरच्यांची ट्रीटमेंट बंद. फी नाही ती नाहीच, वर तक्रारी.

२० जून
ठणका चालूच. बाबांना समजावलं, त्या दाढेत नसच ठेवलेली नाही, दुखेल कशी? ते म्हणाले, बरोबर आहे, मलाच भास होत असेल. पेशंट असावा तर असा.
बायको म्हणते, ते ब्रेड दुधात भिजवून गिळतात. वय झालं, आवडत असेल.

२ जुलै
मित्राने लेख पाठवला. चित्रं पाहिली. दोन कॅनॉल एकामागे एक असले की एक्स-रेत एकच दिसतो, वगैरे. थोड्या तिरक्या कोनातून एक एक्स-रे काढायचा, बस. सोमवारी नक्की.

७ जुलै, सोमवार
काढला नाही. काढायला गेलो तर बाबाच म्हणाले, आता दुखत नाही. मित्राला तसं कळवलं. पुढे हसरा चेहराही टाकला.

२० जुलै
बाबांचा गाल सुजलाय. बायकोला म्हटलं, गार वारा लागला असेल. ती म्हणाली, एकाच गालाला? ठीक आहे, उद्या दाढ उघडून दाखवतोच. चौथा नाही म्हणजे नाही.

२१ जुलै, दुपार
बाबा फिरायला म्हणून गेले ते दाढ काढूनच आले. परक्या डॉक्टरकडून. कागदाच्या पुडीत दाढ होती, ती मागून घेतली. म्हटलं, आता सिद्धच करतो. क्लिनिकात नेऊन कापायच्या डिस्कने मुळं आडवी कापली.
गालाकडच्या पुढच्या मुळात दोन भोकं. एकात माझं गुलाबी फिलिंग, अगदी सुरेख बसलेलं. शेजारचं तसंच, आत कुजलेलं. वासाने सिस्टर मागे सरकल्या.

२१ जुलै, संध्याकाळ
बाबांना विचारलं, माझ्याकडे का नाही आलात? तोंडातला कापूस सांभाळत हळूहळू बोलले. ते डॉक्टर म्हणत होते, दाढ वाचेल, पण आधीचं काम उकरून पाहावं लागेल, कुणी केलंय? बाबा म्हणाले, राहू दे, काढूनच टाका.
मग काढता काढता डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, मुलगा काय करतो.
बँकेत आहे, असं सांगितलं म्हणाले.