तुमचा हिवाळा, माझी वेल

अल बर्शा, दुबई
मंगळवार, ९ सप्टेंबर

रा. रा. व्याहीबुवा अच्युतराव यांस,
रंगनाथ शिंत्रे याचा सप्रेम नमस्कार.

आधी सगळ्यांची विचारपूस, मग माझं रडगाणं. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत असेल तर पुढे वाचा, नाहीतर पत्र कुमुदताईंच्या हाती द्या आणि पडून ऐका. कुमुदताईंचा नवा गुडघा काय म्हणतो? जुना गुडघा त्याच्यावर रुसत नाही ना? तुमच्या थोरल्या बंधूंना मशीन लावून ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच येतं? खालच्या मजल्यावरची मांजर या खेपेला किती पिल्लं व्याली? इकडे आमच्या सुनेत्राची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. सुरेश आणि तुमची विभावरी सकाळी सातला बाहेर पडतात आणि संध्याकाळी सातला नुसती शरीरं परत येतात. ईशानीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिचं इंग्रजीसुद्धा आता मराठीइतकं गोड लागतं. मी बरा आहे. आणि वेल जिवंत आहे. (आता सोडा श्वास. मला ठाऊक आहे, सगळ्यांची खुशाली तुम्ही या एका वाक्यासाठी भरभर वाचत होतात.)

पत्र लिहिण्याचं कारण, फोनवर मनातलं बोलता येत नाही. इथे फोन लागला की तो स्पीकरवर असतो, आणि स्पीकरवर असला की त्यात अख्खं घर असतं. म्हणून हा कागद. सुरेशच्या ऑफिसातला नीरव शनिवारी पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देईन. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवणार आहे. उकललेलं दिसलं तर कळवा.

स्पष्टच लिहितो, अच्युतराव. मला तुमचा हेवा वाटतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, व्याह्याचा, आणि तोही एका कुंडीवरून! पण वाटतो त्याला काय करू? दोन बेडरूमचं घर, त्यामुळे आपण दोन्ही जोडपी एकदम मावत नाही, म्हणून पाळ्या लागल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर तुम्ही, जुलै ते सप्टेंबर आम्ही. तुम्ही येता तेव्हा बाल्कनीत गार वारा, खाली बागेत लोक चटया टाकून बसलेले, आणि तुमच्या कृष्णकमळाला रोज एक निळं-जांभळं फूल. आम्ही येतो तेव्हा बाहेर पंचेचाळीस, बाल्कनीच्या कठड्यावर पापड भाजावा, आणि वेलीला फक्त काड्या. त्या काड्या घरात घ्यायच्या, तीन महिने जगवायच्या, आणि तुमचं विमान उतरायच्या आत परत बाहेर लावायच्या. म्हणजे बाळंतपण मी करायचं आणि बारशाला कुंची घेऊन तुम्ही यायचं. गेल्या महिन्यात शेजारच्या विल्मा (वसईच्या, फार चांगल्या बाई) यांनी ईशानीला विचारलं, हे तुझे कुठले आजोबा गं? ती म्हणाली, "धिस इज द एसी आजोबा. फ्लॉवर आजोबा कम्स इन विंटर." एसी आजोबा! का, तर मी सारखा उठून एसी कमी करतो. चार दिवस मला हे बोचत होतं.

आता एसीवरून आठवलं. तुम्ही प्लॅस्टिकमध्ये मढवून फ्रिजवर लावलेल्या अकरा सूचनांतली तिसरी म्हणते, वेलीला चोवीस अंशांच्या खाली ठेवू नये. फार छान. तुम्ही शेतकी कॉलेजात शिकवलंत, मी कऱ्हाडच्या एसटी वर्कशॉपात पाने फिरवले, तेव्हा तुमच्यापुढे मी काय बोलणार? पण ही सूचना तुम्ही तुमच्या जावयाला दाखवली होती का? आमचे चिरंजीव एकोणीस अंशांवर झोपतात, एकोणीसवर जेवतात, एकोणीसवर घामही पुसतात. अच्युतराव, जगात सगळीकडे हिवाळा डिसेंबरात येतो. इथे तो जूनमध्ये येतो आणि हॉलमध्ये राहतो. मी स्वेटर घालून जुलै काढला. वेलीला स्वेटर नव्हता, तिने पानं टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी फरशीवर दहा-बारा. सुनेत्रा केरसुणी घेऊन माझ्याकडे अशी बघायची की जणू माझेच केस गळताहेत.

तरी आत आणताना मी काही कसूर केली नव्हती. तुमची वेल कपड्यांच्या दोरीला, तिथून डिशच्या वायरीला आणि तिथून वरच्या मजल्यावरच्यांच्या सायकलला धरून बसली होती. इंजिन उतरवताना आम्ही प्रत्येक नटाला चिठ्ठी बांधायचो, तशा मी प्रत्येक फांदीला नंबर बांधले, एक ते चौतीस, आणि साडेपाच तासांत एकही न मोडता ती उतरवली. (सायकलचा आरसा मोडला. तो नंबरात नव्हता.) घरात तिला आधार काय द्यायचा? हॉलमध्ये सुरेशचं ते चालायचं मशीन आहे ना, ट्रेडमिल, ज्यावर आजवर फक्त ओले टॉवेल चालले, त्यावर चढवली. वेलीने आठवड्यात दोन्ही दांडे धरले. त्या घरात ट्रेडमिलचा उपयोग करणारी ती पहिलीच. खत आणलं. तीस दिरहम, म्हणजे जवळजवळ सातशे रुपये, शेणाला! सुनेत्रा म्हणाली, एवढ्यात गावाकडे कुणी गायच देऊन टाकली असती.

मग मी तिला शाल पांघरली. वेलीला. सुनेत्राची तपकिरी शाल, वरून माझी कानटोपी, कारण वरच्या शेंड्याला थेट वारा लागत होता. एका दुपारी विल्मा केक घेऊन आल्या, पडदे ओढलेले, त्या दारातूनच ट्रेडमिलकडे बघून आदराने म्हणाल्या, "गुड आफ्टरनून, अंकल. व्यायाम चाललाय वाटतं?" मी मागून स्वयंपाकघरातून आलो, तर बाईंच्या हातून केक सुटता सुटता राहिला. तेव्हापासून त्या यायच्या आधी फोन करतात.

शेवटी मार्ग काढला तो बिल्डिंगच्या वॉचमनने. वली त्याचं नाव. स्वातचा पठाण, बोलणं कमी, मान हलवणं जास्त. मी लिफ्टमधून पानांची पिशवी घेऊन उतरलो, त्याने पिशवीत डोकावलं. म्हणाला, "बाबा, इसको कंबल नहीं, धूप चाहिए. नीचे लाओ." पार्किंगच्या दारापाशी काचेच्या छताखाली एक पडवी आहे. तिथे एसी नाही. सकाळी सात ते नऊ कोवळं ऊन, त्यानंतर भट्टी. मग काय, सुपरमार्केटची एक ट्रॉली वलीने कुठूनतरी पैदा केली (मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही), आणि रोज सातला वेल खाली, नवाला वर. वेल आडवी पडू नये म्हणून ईशानी ट्रॉलीत बसायची, कुंडी मांडीत. शाळेला सुट्टी होती. दोन महिने एक दिवस चुकला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्हांला पोरगी मिळाली की. कसली मिळते! ती वेलीकडे बघायचीसुद्धा नाही. "आबा, इट्स जस्ट लीव्हज्." मी म्हटलं, थांब, फूल येईल. तर म्हणे, फूल नानांच्या वेळी येतं, शंभर कौरव आणि पाच पांडव असलेलं, ती गोष्ट नानांची. तुम्ही महाभारतसुद्धा आधीच उचललंत, माझ्याकडे उरलं काय? मग मी तिला दर वर्षीप्रमाणे एसटी करून दाखवायचो. कऱ्हाड-चिपळूण, कुंभार्ली घाट. पहिला गिअर, दुसरा, वळणावर परत पहिला, सगळे तोंडाने. ती हातात काल्पनिक स्टिअरिंग धरायची, वली शिट्टी वाजवून कंडक्टर व्हायचा आणि घाट चढायच्या जागी 'चला'च्या ऐवजी ओरडायचा, "यल्ला, यल्ला!" गाड्या काढायला आलेले लोक थांबून बघायचे. असो. तेवढ्यावर आजोबापण भागवायचं.

आता गुन्हा कबूल करतो. तुमची सूचना क्रमांक सात म्हणते, ऑगस्ट-सप्टेंबरात कळी दिसल्यास नखाने खुडावी, म्हणजे जोम हिवाळ्यासाठी शिल्लक राहतो. हिवाळ्यासाठी म्हणजे कुणासाठी, अच्युतराव? दोन सप्टेंबरला एकविसाव्या नंबरच्या फांदीवर कळी दिसली. बोराएवढी. दुसऱ्या दिवशी तिसाव्या नंबरवर आणखी एक, ज्वारीच्या दाण्याएवढी. मी नख लावलं, खरंच लावलं, आणि काढून घेतलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, कळीबिळी दिसतेय का कुठे? मी फोन बुंध्याकडे वळवला आणि म्हणालो, छे, नुसत्या काड्या. विभावरी मागे उभी होती, तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. पंचवीस तारखेला आमचं विमान आहे. त्याच्या आत मोठी कळी उमलावी आणि त्या पोरीने एकदा, एकदाच, माझ्या हातचं फूल बघावं, एवढं मागणं आहे. तुमच्या जोमातलं थोडं मी चोरलं, ते पोटात घाला. कुमुदताईंना नमस्कार, मांजरीला दूध.

आपला,
रंगनाथ शिंत्रे

ता. क. (बुधवार) काल लिहिलं नाही ते आज लिहितो, कारण खरं पत्र यासाठीच होतं. पुढच्या वर्षी पाळ्या बदलू या का? तुम्ही जुलैत या, आम्ही ऑक्टोबरात. मलाही एक हिवाळा मिळू द्या. हे विभावरीला तुमच्याच मनात आल्यासारखं सांगा. माझं नाव नको.

ता. क. दुसरा (गुरुवार, संध्याकाळ) मोठी कळी आज सकाळी साडेआठला उमलली. पडवीत. मी आणि वली दोघेच. वली खाली बसला आणि म्हणाला, "माशाल्ला, बाबा, ये तो घड़ी जैसा बना है." ईशानीची बस पावणेसातलाच गेली होती, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झालेत. मी कुंडी वर आणली, एसी बंद केला, आणि फुलासमोर खुर्ची टाकून बसलो. सुनेत्रा जेवायला बोलावून थकली. बारा वाजले, दोन वाजले. घर इतकं शांत की फ्रिज चालू-बंद झालेला कळत होता. पावणेचारला ती आली, तोवर फुलाने पाकळ्या मिटायला घेतल्या होत्या. बघून म्हणाली, "ओह नाइस, आबा. नानांचं पण असंच होतं. आय कम होम आणि ते क्लोज्ड असतं. ते मला फोटो दाखवतात, आय काउंट इन द फोटो." मी विचारलं, आणि नाना दिवसभर काय करतात? "दे सिट. लाइक यू." मग दप्तर टाकून म्हणाली, चला, घाट करू या. आणि हसत सुटली. म्हणे, तुम्हीसुद्धा घाट करून बघता तिच्यासाठी. "नाना ट्राय करतात, बट इट साउंड्स लाइक मिक्सर."

ता. क. तिसरा (शुक्रवार, पाकीट चिकटवता चिकटवता) पाळ्या बदलण्याचं जे लिहिलं ते वाचलंच नाही असं समजा. सुट्टीतली पोरगी मी सोडणार नाही, हे उघड लिहितो, हवं तर तुम्ही माझा हेवा करा. तिसाव्या नंबरची कळी खुडलेली नाही. दोन ऑक्टोबरला तुम्ही उतराल तेव्हा ती फुगलेली असेल. त्या शनिवारी उमलेल अशा बेताने तिला ऊन कमी-जास्त करून बघतोय, कारण शनिवारी शाळा नसते. जमेल असं नाही, मी काही शेतकी कॉलेजात नव्हतो. तुमच्या अकरा सूचनांशेजारी फ्रिजवर माझाही एक कागद लावून जातोय, विभावरीने प्लॅस्टिकमध्ये मढवून दिला (आणि नाक पुसलं). त्यात कुंभार्ली घाटाचे गिअर कसे काढायचे ते आहे. पहिला पोटातून, दुसरा नाकातून, तिसऱ्याला जीभ टाळ्याला लावायची आणि श्वास सोडायचा नाही. कुमुदताईंसमोर सराव करा, मिक्सर वाटला की थांबा.

चौथा गिअर लिहिलेला नाही. तो मागू नका, तो माझा आहे.

उत्तर लवकर लिहा, फोनवर नको. आणि उन्हाळ्यात आम्ही इथे असतो तेव्हा तिकडे संध्याकाळी तुम्ही काय करता, तेही लिहा.