बिल्यानाचं पाऊल, माझा पाय

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चालली! बिल्याना चालली! सोफ्यापासून थेट फ्रिजपर्यंत, कशालाही न धरता! फ्रिजला जाऊन थडकली आणि वळून आमच्याकडे टाळ्या मागितल्या. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे, कारण मोमचिल आंघोळीला गेला होता. मी त्याला साबणासकट बाहेर ओढलं. त्याच्यासमोर ही बया जागची हलेना. "तुला भास झाला असेल," म्हणे नवरा, फरशीवर पाणी ठिबकवत.

आईला फोन केला. तिनं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. एकदम, "मग पाव कधी, नेवेना?"

पावलाचा पाव! मी विसरलेच होते. म्हणजे इथं बल्गेरियात, रूसेमध्ये राहून कुणी विसरू शकत नाही, पण स्वतःच्या लेकीचा करायची वेळ कधीतरी येईल हे डोक्यात नव्हतं. पांढरी चादर अंथरायची, गोल पाव तिच्यावरून घरंगळत सोडायचा, पोर त्याच्या मागे, आणि चादरीच्या टोकाला मांडून ठेवलेल्या वस्तू. पोर पहिली जी उचलेल तसा त्याचा धंदा.

मी पट्टी उचलली होती. आजोबांची सुतारकामाची, लाकडी. आज मी नगरपालिकेत रस्ते आखते, आणि ती पट्टी घरी माझ्या टेबलाच्या वर भिंतीला टांगलेली आहे. अख्ख्या घराण्यात इतकं सरळ उत्तर कुणाचंच आलं नाही. मोमचिलनं म्हणे पावच उचलला आणि खाल्ला. तो दातांचा डॉक्टर झाला!

तारीख ठरली — बावीस मार्च, रविवार.

१ मार्च

आज मार्च लागला, रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मनगटात लाल-पांढरा दोरा. बिलीचा घ्यायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले.

"मुलगी ना? मग हा घ्या." गुलाबी. चमचम करणारा. वर मुकुट.

"अहो, लाल-पांढराच द्या ना साधा."

"तो मुलांचा आहे."

मी निरखून पाहिलं. मुलांचा का? तर त्याला शेंगदाण्याएवढी मोटार लटकवलेली! माझी पणजी, तिची पणजी, सगळ्या जन्मभर दर मार्चला लाल-पांढरा दोरा बांधून हिंडल्या, त्यांना कुणी सांगितलं नाही की बायांनो तुमचा रंग वेगळा आहे.

घरी येऊन लोकरीच्या दोन धाग्यांचा पीळ घातला आणि बांधला. बिलीनं लगेच चावायला घेतला, म्हणून आता तो पाळण्याच्या दांडीला आहे.

५ मार्च

आज विजार घ्यायला बाहेर पडले आणि डोकं फिरवून घेऊन परत आले.

मुलींच्या विजारीला खिसा नाही. म्हणजे आहे — शिवलेला! वरून झडप, बटण, सगळं काही, आणि बोट घालायला गेलं तर आत काहीच नाही. खिशाचं चित्र काढलंय नुसतं. पलीकडे मुलांच्या भिंतीवर, त्याच कंपनीची, त्याच मापाची विजार, तिला पुढे खिसे, मागे खिसे, आणि गुडघ्यावर एक! गुडघ्यावर खिसा कशाला लागतो मला माहीत नाही, पण असेल तर माझ्या मुलीलाही हवा.

दुकानातल्या बाईला विचारलं, मुलींच्या विजारीला खिसा का नाही?

"मुलींना पर्स असते ना."

"अहो, ती एक वर्षाची आहे. लंगोटात आहे अजून."

"लंगोट ठेवायच्यापण पर्स आल्यात की! दाखवू? गुलाबी आहे."

 मी तडक पलीकडच्या भिंतीकडे गेले. गुडघ्यावर खिसा असलेली विजार घेतली, निळी. येताना रस्त्यात दोन आजीबाईंनी "काय दांडगा गडी आहे!" म्हणून बिलीचे गाल ओढले. गड्यानं दोघींना जीभ दाखवली.

संध्याकाळी आई आली, पार्लर बंद करून. आली की पहिलं काम, टबात कोमट पाणी, त्यात मीठ, त्यात पाय. बिचारीचे घोटे रोज संध्याकाळी असे टम्म फुगतात, चपलांचे पट्टे रुतलेले दिसतात. अडतीस वर्षं उभं राहून लोकांचे केस कापतेय, विंचरतेय. तिला खिशाची कहाणी सांगितली. ती हसायलाच लागली.

"अगं, तुझ्या लहानपणी दुकानात एकाच जातीचे लांब मोजे मिळायचे. तपकिरी! मुलगा असो, मुलगी असो, तपकिरी. तेव्हा मी गुलाबीसाठी जीव टाकत होते. आता गुलाबी मिळतंय, तर तू तोंड फिरवतेस!"

आणि पिशवीतून झालरीचा फ्रॉक काढला. कुठला रंग ते लिहीत नाही.

८ मार्च

महिला दिन. मोमचिलनं तिघींना फुलं आणली. बिलीनं तिची खाल्ली.

११ मार्च

चादरीवर ठेवायला एक पुस्तक हवं होतं. जाड पानांचं, यंत्रांच्या चित्रांचं, जमलं तर रोडरोलरचं. मला रोडरोलर आवडतो, माझी मर्जी.

पुस्तकांच्या दुकानात दोन कपाटं. एकावर 'हुशार मुलांसाठी', दुसऱ्यावर 'गोड मुलींसाठी'. हुशार मुलांना पूल कसा बांधतात, पाणबुडी कशी बुडते, उल्का कुठून येते. गोड मुलींना केक कसा सजवावा आणि मैत्रीण रुसली तर काय करावं. मैत्रीण का रुसली असेल ते मी सांगते — तिला पाणबुडी हवी होती!

रोडरोलर सापडला. गल्ल्यावरची पोरगी गोड हसली. "किती वर्षांचा आहे तो?"

"ती. तेरा महिन्यांची."

"अय्या, मग हे नको!" आणि खरंच माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं तिनं, अगदी प्रेमानं, आणि घोडा ठेवला. शिंगवाला. खऱ्या केसांचा, विंचरायला सोबत छोटा ब्रश.

"अहो, मी रस्ते बांधते," मी म्हटलं.

"मिस्टर बांधतात का?"

"मिस्टर दात उपटतात. रस्ते मी बांधते. पुस्तक द्या."

दिलं. माणूस म्हणून वाईट नव्हती, तिलाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असणार. पण हातातून काढून घेणं! माझ्या हातातून! त्याचा राग अजून गेलेला नाही. निघता निघता पाणबुडीची दोन पुस्तकं गोड मुलींच्या कपाटात सरकवली. रखवालदार बघत होता. त्यानं मान वळवली, देव त्याचं भलं करो.

१४ मार्च

भांडण झालं. आईशी.

ती खोका घेऊन आली. आता पावलाच्या पावाचे तयार संच मिळतात म्हणे, लाकडी खेळण्यांचे! मुलींच्या खोक्यात आरसा, कंगवा, वाढायचा डाव, लिपस्टिक, पाळणा. मुलांचा खोका मी दुकानाच्या काचेत पाहिलाय — हातोडा, विमान, डॉक्टरची नळी. म्हणजे पोर उचलायच्या आधीच उत्तर खोक्यावर छापलेलं!

"दुकानात होतं ते आणलं," आई म्हणाली. "मुलगी आहे सांगितलं, त्यांनी हा दिला."

"अगं पण तू कधी मला असं वाढवलंस का? माझ्या चादरीवर सगळं होतं. मी स्वतः गेले, स्वतः पट्टी उचलली. कुणी माझा हात धरला नाही. तेवढंच मला बिलीसाठी हवंय. तिनं डाव उचलला तरी चालेल, पण तो तिचा तिनं उचलला पाहिजे!"

आई उलट बोलेल म्हणून मी पुढचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. ती गुडघ्याला मलम चोळत बसली, मग कणकेला आंबवण किती लागेल ते विचारलं. पाव तीच करणार आहे. मला थोडं वाईट वाटलं, जरा चढ्या आवाजात बोलले.

शेवटी नियम ठरला. दोन्हीकडच्या वस्तू ठेवायच्या. सगळ्या एका ओळीत, सारख्या अंतरावर, टेपनं मापून. आणि पाव सुटल्यावर कुणीही, म्हणजे कुणीही, हात लावायचा नाही.

"रस्त्याचं टेंडर काढतेयस का?" मोमचिल.

२० मार्च

सराव करायचा नाही असं ठरलं होतं. केला. बिलीनं मापायचा टेप उचलला आणि द्यायलाच तयार नाही. सराव धरायचा नाही असं आता ठरलंय.

२२ मार्च, रविवार

पाहुणे गेले. भांडी तशीच पडलीत. मोमचिल बिलीला फिरवायला घेऊन गेलाय. लिहून टाकते.

पाव सुंदर झाला होता. आई पहाटेच येऊन मळत बसली होती. खाली राहणाऱ्या पावलिना मावशी आल्या, मोमचिलचे आईबाबा आले, घरंगळवायचा पाव बाजूला ठेवून दुसरा मधाबरोबर वाटला, सगळ्यांची बोटं चिकट. चादरीच्या टोकाला मी सगळं मापून मांडलं: पट्टी (भिंतीवरून काढून), रोडरोलरचं पुस्तक, मोमचिलचा दात बघायचा आरसा, हातोडा, डाव. खोक्यातला गुलाबी कंगवा ठेवणार तेवढ्यात आई म्हणाली, "तो खोटा वाटतो गं," आणि आपल्या पर्समधून तिचा काढला. पार्लरमधला, काळा, बारीक दातांचा, शेपटीवाला. तो ओळीच्या टोकाला, पट्टीशेजारी ठेवला.

मी त्याच टोकाशी जमिनीवर बसले. मोमचिलनं पाव सोडला, तो तिरका जाऊन सोफ्याखाली गेला, सगळे ओरडले, आणि बिली निघाली. गुडघ्यावरच्या खिशात पावाचा तुकडा कोंबलेला! (खिशाचा उपयोग कळला.) डुलत डुलत, दोन्ही हात वर. पट्टीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. नजर कंगव्यावर. सरळ कंगव्यावर. मान वर करून आजीकडे बघून हसली आणि पुन्हा कंगव्याकडे.

आणि माझा पाय सरकला.

सरकला नाही. मी सरकवला. मोज्यातल्या पायानं कंगवा हळूच ढकलला, तो बाजूच्या चौरंगाखाली गेला. बिली थांबली. जिथं कंगवा होता तिथं वाकून बघत राहिली. मग बदकन बसली, आणि हाताशी जे होतं ते उचललं. पट्टी.

"इंजिनियर! आईवर गेली!" एकच गलका. टाळ्या, फोटो. मीपण टाळ्या वाजवल्या!

मला भयंकर लाज वाटतेय. दुकानातल्या त्या पोरीवर मी दहा दिवस जळतेय, तिनं निदान माझ्या तोंडावर काढून घेतलं. मी माझ्या लेकीच्या समोरून चोरून काढलं. त्यातून आईचा कंगवा! ज्या कंगव्यावर मी शिकले. डाव उचलला तरी चालेल म्हणाले होते. चाललं नसतं. मला तिनं माझ्यासारखंच व्हायला हवं होतं, आणि ते मला आत्तापर्यंत माहीतसुद्धा नव्हतं.

कुणी पाहिलं नाही.

२३ मार्च

आईनं पाहिलं होतं.

सकाळी परात न्यायला आली आणि सरळ चौरंगापाशी जाऊन वाकली. कंगवा काढला, आपल्या जुन्या रुमालानं पुसला. मी रडायलाच लागले, माफ कर म्हटलं.

"रडतेस काय? तू पाय वापरलास. मी तर हात वापरला होता."

मला कळेना.

"तू पट्टी नाही उचललीस, नेवेना. तू माझा कंगवा उचललास. खिदळत आलीस आणि असा घट्ट धरलास की बोटं एकेक करून सोडवावी लागली मला. मग आजोबांची पट्टी दिली हातात, आणि सगळ्यांना सांगितलं, पट्टी उचलली म्हणून. तेव्हाच माझे पाय सुजायला लागले होते गं. मला वाटलं, हिला बसून करायचं काम मिळू दे."

मी गमबूट घालून दिवसभर डांबरावर उभी असते, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. इतकं हसलो की बिली उठली.

पट्टी परत भिंतीवर लावली. कंगवा मात्र आईकडून मागून घेतला.