खोलीत आजीचाही हिस्सा होता

पप्पा, तुमच्या आमलीच्या खोलीत आजीचाही हिस्सा होता. ऐकून तुम्ही हसला असतात. आजी तिथे एकदाच आली, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून दमली आणि म्हणाली, "हाई घर शे का कबुतरनं खोपं?" पण कायदा तसाच आहे. माणूस इच्छापत्र न करता गेला की बायको, पोरं आणि त्याची आई, सगळ्यांचा वाटा सारखा. सोसायटीत नॉमिनी म्हणून मम्मीचं नाव होतं, म्हणून आम्ही दोघं निवांत होतो. नॉमिनी म्हणजे मालक, असं आख्ख्या बिल्डिंगला वाटतं. तुम्हालाही वाटायचं.

हे कळलं ते मम्मीच्या गुडघ्यांमुळे. तिला जिने होईनात. गॅसची टाकी आली, भाजीवाला आला, की ती आधी जिन्याच्या कठड्याकडे बघायची. सामरवरणीला तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या, आमलीची विकली तर जमणार होतं. गिऱ्हाईकही आलं. मग वकील म्हणाले, थांबा. हे वकील मूळचे चिपळूणकडचे, इथे राहून अर्धे गुजराती झालेत. "नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, भाई. चावी त्याच्याकडे, घर वारसांचं. तुझी आजी तुझ्या वडिलांच्या नंतर गेली, तिच्या वाट्यातला अर्धा तुझा, अर्धा तुझ्या आत्याचा. तिने हक्कसोड करून दिल्याशिवाय कोण घेणार ही खोली?" मम्मी बाहेर येऊन पायरीवरच बसली. तुमच्या तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, मना भाऊले टायमावर दवाखान्यात नेलं नाही. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. मम्मी म्हणाली, "झालं. मी तिसऱ्या मजल्यावरच मरणार."

मला ती दुपार आठवते. कंपनीत कुणी साहेब येऊन सगळ्यांना इच्छापत्राचं सांगून गेला होता. तुम्ही गलोंड्याला सेकंड शिफ्टला जायच्या आधी जेवायला बसलेले, ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा. मम्मी म्हणते, "करून टाका ना, काय जातं?" तुम्ही म्हणता, "मी काय जमीनदार आहे? एक खोली, ती तुझीच. जेवताना मरण काढू नको." मी हसलो तर मला, "दात काय काढतोस? पाणी दे." मी नववीत होतो. ठेचा इतका तिखट होता की तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी तुम्ही अजून मागत होता. त्या साहेबाचं चुकलं नव्हतं, तुमचंही फार चुकलं नव्हतं. तरण्या माणसाला वाटतं हे म्हाताऱ्यांचं काम, आणि म्हाताऱ्यांना वाटतं आता कशाला. मधल्यांना सुट्टी मिळत नाही.

आत्याकडे मी गेलो. मम्मीने साडी घेऊन दिली. बहिणीने हिस्सा सोडला की साडी नेसवायची, ही आपल्याकडची रीत. वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळची पॅसेंजर. सरळ अमळनेरला उतरायचं होतं, पण नंदुरबारला खिडकीतून मिरच्या वाळत घातलेली रानं दिसली, लालच लाल, आणि मी उतरलो. मिरच्या वाळवायची पथारी होती त्या माणसाने मला दिवसभर मिरच्या उलटायला लावल्या, हात दोन दिवस जळत होते. मी असाच आहे, पप्पा. दहावीनंतर ट्रकवर गेलो, मग ढाब्यावर, मग कुठे कुठे. अमळनेरला पोचलो तेव्हा आत्या दारातच म्हणाली, "साधू व्हयना का रे तू? दाढी कितली वाढाडी!"

मी साडी पुढे केली आणि कागदाचं सांगितलं. तिने साडी उलटून पाहिली, काठ चांगला आहे म्हणाली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"साडी नको माले. सही करसू. पण मना भाऊ गया, मनी माय गई. आते माले माहेर कोठे शे? तुनी मायले सांग, आखाजीले बलाव."

आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण आखाजी अजून लांब होती आणि गिऱ्हाईक घाईत. मी म्हटलं, "आत्या, आधी सही, मग आखाजी, चालेल ना?" ती म्हणाली, "सही व्हयनी का मंग कोण बलावस?" तिचं खोटं नव्हतं. घरी येऊन मम्मीला सांगितलं तेव्हा ती खूप वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हाईक जाईल तर जाऊ दे. फोन लाव तिला."

आत्या आखाजीला आली. मम्मी तिच्या पिशव्या घ्यायला खाली उतरली, कठडा धरून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आत्या म्हणाली, "तू बी म्हातारी व्हयनी माय!" त्या हसल्या. सणाची सुट्टी संपल्यावर कचेरीत सही झाली. पहिलं गिऱ्हाईक गेलं, दुसरं कमी भावात मिळालं, सामरवरणीच्या दोन खोल्यांची आता एकच झाली, ती मम्मीच्या नावावर. तळमजला आहे, मागे आंबा आहे. त्याला आत्यासाठी झोका बांधून पाहिला, दोर टिकला.

मागच्या आठवड्यात मम्मी वकिलांकडे स्वतःचं इच्छापत्र करायला गेली. मला ते म्हणाले, "तू कुंवारा, नोकरी लागेल तिथे नॉमिनी म्हणून आईचं नाव घाल. लग्न झालं की बदल. पोर झालं की इच्छापत्र कर, केस पिकायची वाट बघू नको." मी मान डोलावली. परत येताना मम्मीने रिक्षात विचारलं, "तुझ्या नावे करू, का माझ्यामागे विकून पैसे दुसऱ्या कुणाला द्या असं लिहू? तू काही एका जागी राहणारा नाहीस." मी बाहेर बघत म्हणालो, "तुझं घर आहे, तू ठरव. मला काय करायचंय." कागद अजून पक्का व्हायचाय.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहितोय. मला ते घर पाहिजे, पप्पा. तिला अजून सांगितलेलं नाही.