ग्रुप स्टेज संपली की सांगतो

बाबा,

यंदा वर्ल्ड कपच्या मॅच सकाळी असतात. तिकडे अमेरिकेत रात्र असते आणि इकडे आपल्याकडे दूधवाला नुकताच येऊन गेलेला असतो, तेव्हा टीव्हीवर कुठलेतरी दोन देश फुटबॉलमागे धावत असतात. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. तुमच्याबद्दल नक्की म्हणावं असं मला फारसं काही सांगताच येत नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे. तुमचे जावई आत दाढी करताहेत. 'तुमचे जावई' असं लिहिलं खरं, पण इतकी वर्षं झाली तरी हा शब्द लिहिताना माझा हात अडतो. तुम्ही त्यांना जावई मानलं होतं की नाही, हे तुम्ही सांगितलंच नाही. ग्रुप स्टेज संपली की सांगतो म्हणालात, आणि ग्रुप स्टेज संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात. असं कोणी करतं का, बाबा?

तुम्ही दिवसभर फॅक्टरीत लेथवर उभे राहायचे आणि संध्याकाळी फॅक्टरीच्या मैदानावर रेफ्री असायचे. काळी हाफ पँट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, आणि सायकलच्या हँडलला घरून भरून नेलेली पाण्याची बाटली. मी लहानपणी तुमच्याबरोबर यायचे तेव्हा हाफ टाइमला दोन्हीकडचे लोक तुम्हाला चहाला बोलवायचे. एकदा मी एका टीमच्या तंबूतून संत्र्याची फोड घेऊन आले तर तुम्ही ती परत द्यायला लावलीत. "रेफ्रीनं कोणाचंच नाही घ्यायचं, बाई. कोणाचा चहा पेला का माणूस थोडं तरी झुकतेच." मी रडत रडत फोड परत दिली. अर्धी खाल्लेली होती.

ही तुमची रीत घरातही होती, हे बाहेर कोणाला खरं वाटायचं नाही. आई आणि काकूचं वाजलं, किंवा पुढे माझं आणि आईचं वाजलं, की तुम्ही कोणाच्याच हातचा चहा घ्यायचे नाही. वाद मिटेपर्यंत स्वतः उठून चहाचं छोटं पातेलं, आपला तो गंज, गॅसवर ठेवायचे आणि स्वतःपुरता चहा करायचे. साखर नेहमी जास्त पडायची. आई बाहेरच्या खोलीत बसून मोठ्यानं म्हणायची, "सुरू झाली यांची रेफ्रीगिरी!" तुम्ही चहा गाळत गप्प असायचे. मग ज्या दिवशी तुम्ही एकीच्या हातचा कप घेतला, त्या दिवशी निकाल लागला, हे आम्ही समजून घ्यायचो. वेगळं काही बोलायची गरजच नसायची.

त्या उन्हाळ्यात वाद साधा नव्हता. मदन महलच्या कोचिंग क्लासमध्ये माझ्यामागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाशी मला लग्न करायचं होतं. त्याच्या घरचं भेडाघाटला संगमरवरी मूर्तींचं दुकान, घरात हिंदी, जात वेगळी. आईनं डोकं धरलं. "न आपली भाषा, न आपली रीत. काय पाहलं तू त्याच्यात?" मी म्हटलं, "बाबांना विचार." आई म्हणाली, "विचारच तू बाबांना." दोघी तुमच्यासमोर येऊन उभ्या राहिलो. तेव्हा जपान-कोरियात वर्ल्ड कप नुकताच सुरू झाला होता, मॅच दुपारी आणि संध्याकाळी असायच्या आणि तुम्ही त्यासाठी फॅक्टरीतून रजा काढल्या होत्या, शिफ्ट बदलून घेतल्या होत्या. तुम्ही टीव्हीवरची नजर न हलवता म्हणालात, "ग्रुप स्टेज संपू दे. मग सांगतो." आईचा संताप अजून कानात आहे. "पोरीचं लग्न आणि फुटबॉल एकाच पारड्यात घालून राहिले तुम्ही!"

आता विचार करते, की ग्रुप स्टेजच का? तुम्हाला वर्ल्ड कपमध्ये ती पहिली, गटागटातली फेरीच आवडायची. बाद फेरी सुरू झाली की तुमचा रस जायचा, आईनं विणलेलं कव्हर टीव्हीवर पडायचं. मी एकदा विचारलं होतं, काहून बाबा? तुम्ही म्हणालात, "पुढे एकाला घरी जावंच लागते. इथं बरोबरी चालते." मला तेव्हा वाटलं, तुम्ही फुटबॉलबद्दल बोलताय. आता कशाबद्दल बोलत होतात तेही कळत नाही. बहुतेक फुटबॉलबद्दलच.

त्या दिवसांत तुम्ही रोज तुमचा चहा स्वतः करत होतात. अजून डोळ्यासमोर येतं, मी ओट्याजवळ कैऱ्या चिरणाऱ्या आईशेजारी उभी असते, आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नसतो, आणि तुम्ही आमच्या मधून हात घालून साखरेचा डबा काढता. "सरकता का थोड्या," एवढंच म्हणता. मग एक दिवस अचानक म्हणालात, "त्या पोराला बोलव मॅच पाहायला." मी हुरळून गेले. आईनं विळी आपटली. मग तुम्ही पुढे जोडलंत, "पाहू तर द्या, मॅच त याले समजते का नाही." म्हणजे ती परीक्षा होती, की नुसतीच मॅच होती?

तो आला तो कागदात गुंडाळलेला संगमरवराचा चेंडू घेऊन. स्वतः घासून केलेला. एका बाजूनं जरा चपटा झाला होता, घरंगळत नव्हता. तुम्ही तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणालात, "अच्छा है. बैठिए आप." आईनं दुसऱ्याच दिवशी तो लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवून दिला. मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही म्हणालात, "वजन बरोबर आहे त्याचं." मी रात्रंदिवस अशा वाक्यांचे गुण मांडत बसायचे. स्वतःच्या वेताच्या खुर्चीवर बसवलं, म्हणजे आपल्या बाजूनं. 'आप' म्हणाले, म्हणजे विरुद्ध. ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला, आपल्या बाजूनं. त्याच्याशी सगळं हिंदीत बोलले, विरुद्ध. कारण या हिंदी मुलखात तुमचं हिंदी बाहेरच्यांसाठी होतं. साहेबाशी, भाजीवाल्याशी, शेजारच्या भैयाशी हिंदी. मराठी फक्त घरात, आणि अंगठ्यावर हातोडी पडली तर.

ग्रुप स्टेजच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी कोरिया आणि पोर्तुगालची मॅच होती. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर अमेरिका आणि पोलंड खेळत होते, त्याचे आकडे नुसते खाली यायचे. लोणच्यासाठी फोडलेल्या कैऱ्यांच्या चार कोया तुम्ही चार संघ म्हणून टीपॉयवर मांडल्या आणि त्याला समजावलंत, की तिकडे अमेरिका हरून राहिली आहे, म्हणजे इकडे हे दोघं बरोबरीत सुटले तर दोघंही पुढे जातील. कोणालाच कोणाला हरवायची गरज नाही. तुम्ही इतके खूश होतात की कोया सारख्या इकडून तिकडे सरकवत होतात. हाफ टाइमला आईनं चहा केला. मी तो ट्रेमध्ये घालून आणला. तुम्ही कपाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि कप उचललात. निकाल लागला! पण कोणाचा चहा घेतला तुम्ही? करणारी ती, आणणारी मी. अर्धा पिऊन ठेवून दिलात, तो का, तेही समजलं नाही.

पोर्तुगालचे दोघं लाल कार्ड मिळून बाहेर गेले होते. तुम्ही म्हणालात, कार्ड बरोबर आहेत, रेफ्रीचं चुकलं नाही. तरी बरोबरी टिकून होती. आणि मग कोरियाच्या एका पोरानं चेंडू छातीवर घेतला, खाली आणला आणि गोल मारला. आपला हा, दुसऱ्यांच्या घरात बसलोय हे विसरून, खुर्चीवरून ताडकन उठला, हात वर करून ओरडला. आणि तुम्ही त्याच्यावर केवढ्यानं खेकसलात, "अबे खाली बस न! काहून उठून राहिला तू?"

आई हळदीचे हात घेऊन दारात आली. तो खाली बसला. तुम्ही त्याच्याशी मराठीत बोलला होतात, आणि 'तू' म्हणाला होतात. तुम्हाला ते कळलं होतं का, मला माहीत नाही, तुम्ही टीव्हीकडेच बघत होतात. शेवटी शेवटी पोर्तुगालच्या एकानं मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला, तेव्हा तुम्ही स्वतःच अर्धे उठलात आणि दोन्ही हातांनी डोकं धरलंत. मॅच संपली. "दोघंही पुढे गेले असते न रे," तुम्ही म्हणालात. कोणाला म्हणालात? तो निघताना तुमच्या पाया पडला, तर तुम्ही पुन्हा हिंदीत, पुन्हा 'आप'. "संभल के जाइए. भेडाघाट रोड पे अंधेरा रहता है."

मी तुमच्या मागे मागे आत आले. बाबा, संपली ग्रुप स्टेज, सांगा न. तुम्ही टीव्हीवरचं कव्हर नीट करत होतात. "उद्या. फॅक्टरीतून येऊन सांगतो." चेहऱ्यावर काय होतं ते आठवायचा मी किती प्रयत्न केला आहे. सकाळी तुम्ही गेलात तेव्हा मी झोपले होते. फॅक्टरीच्या गेटापाशी सायकलवरून उतरलात आणि तिथंच खाली बसलात, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. दुपारी घरी आणलं तेव्हा माणसांनी घर भरलेलं होतं आणि मी ओट्याशी उभी राहून तो छोटा गंज शोधत होते. तो धुऊन पालथा घातलेला होता. म्हणजे त्या सकाळी तुम्ही चहा स्वतः केला आणि गंज धुतला, की आईनं केलेला घेतला आणि गंज आदल्या दिवसापासून तसाच होता? पुढे एकदा हिंमत करून आईला विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवसाचं मले काहीच नाही आठवत," आणि पदर तोंडाला लावला. मग पुन्हा विचारलं नाही.

वर्षभरानं आई म्हणाली, त्यांनीच काही सांगितलं नाही तर मी काय सांगू, कर तुला करायचं ते. लग्न झालं. पण तिचं मत बदललं नाही. "पाहुण्यावर आवाज चढवला कधी त्यांनी? त्या दिवशी चढवला. नकार नाही तर काय होता तो?" असं म्हणत जावयाच्या ताटात तूप वाढायची. आणि हे? हे आजही चार माणसं जमली की सांगतात, "बाबूजी ने मुझे मराठी में डाँटा. उसी दिन मैं घर का हो गया." तुमचं ते वाक्य यांना तोंडपाठ आहे, मराठीत तेवढं एकच वाक्य हे अगदी आपल्यासारखं म्हणतात. सांगताना डोळे भरून येतात यांचे. मी शेजारी बसून मान हलवते. एका दिवशी आईचं खरं वाटतं, एका दिवशी यांचं, आणि कधी कधी वाटतं, तुम्ही फक्त कोरियाच्या गोलवर चिडला होतात.

आता हे का लिहिते आहे ते सांगते. तुमची नात बावीस वर्षांची आहे, बंगळूरला नोकरी करते. तुम्ही तिला पाहिलं नाही. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर हिंदीत देते. तिला तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे. कन्नड बोलतो. तो इथं आला आहे, हॉटेलात उतरला आहे, आणि रोज सकाळी आपल्याकडे मॅच बघायला येतो. मुलगा चांगला वाटतो. मला वाटतो म्हणजे काय, रोज वेगळा वाटतो. आणि ऐका, यांना पसंत नाही! परवा हे म्हणाले, "न अपनी भाषा, न अपना रिवाज. क्या देखा इसने उसमें?" मला आधी हसू फुटलं, आणि मग रडू यायला लागलं तेव्हा मी भांडी आवरायला घेतली. पोरगी माझ्या मागे आली. "मम्मी, तू तो कुछ बोल. तेरी हाँ है कि ना?" दारात हेही येऊन उभे राहिले. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "ग्रुप स्टेज संपू दे. मग सांगते."

पोरगी म्हणाली, "नानाजीवाला डायलॉग मत मार, मम्मी." मी डायलॉग मारला नव्हता, बाबा. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आज ग्रुप स्टेजचा शेवटचा दिवस. आता संघ इतके झाले आहेत की तिसऱ्या नंबरचेही काही पुढे जातात, कोण जातं आणि कसं, ते पोरगी मोबाइलवर बघून सांगते, तरी मला कळत नाही. तुम्ही किती कोया मांडल्या असत्या कोण जाणे. सकाळी यांनी माझ्यासाठी आलं घालून चहा केला. पोरीनं तिचा वेगळा केला, वेलची घालून. दोन्ही कप माझ्यासमोर आले. मी उठले, वरच्या फळीवरून तुमचा तो छोटा गंज काढला, घासला आणि माझ्यापुरता चहा टाकला. दोघंही बघत राहिले. यांना सगळं कळलं, कारण ही गोष्ट यांनीच पोरीला शंभरदा सांगितलेली आहे.

मला वाटायचं, चहा गाळताना तुम्ही गप्प असायचे तेव्हा उत्तर तुमच्या पोटात असायचं. फक्त वेळ यायची असायची. मी इतकी वर्षं तेच उत्तर तुमच्या खुर्चीत, तुमच्या 'आप'मध्ये, तुमच्या त्या अर्ध्या कपात शोधत आले. आज तुमच्याच जागी उभी राहून गाळणी धरली आणि आपल्या पोटात डोकावून पाहिलं, तर तिथं काहीच नाही. होकार नाही, नकार नाही. दोघंही पुढे जावेत, कोणालाच घरी जावं लागू नये, एवढंच आहे. साखर जास्त पडली आहे.

बेल वाजली, तो आला बहुतेक. पोरगी विचारते आहे काय लिहून राहिलीस, मी किराण्याची यादी म्हटलं. हे बाहेरून हाक मारताहेत, मॅच सुरू झाली. मला अजून काही ठरवता आलेलं नाही, बाबा. आणि आता वाटतं, तुम्हालाही आलं नव्हतं. त्या दिवशी फॅक्टरीतून येऊनही तुम्ही काही सांगितलं नसतं. हे मी यांना सांगणार नाही.