लागलेल्या पाखराची पायरी

मी, प्राणेशराव भीमाचार्य, वय अडुसष्ट, लाकूडकामाचा निवृत्त शिक्षक, राहणार शिवाजीनगर, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही याबद्दल थोरल्या बहिणीला, अहल्याअक्काला, लहानपणापासून शंका आहे. त्या शंकेची कायद्यात गणना नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागात लिहिले होते. रद्द करताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे वाटते आहे.

कलम एक. रंधे, पटाश्या व लाकूड कातायचे यंत्र शेजारी यल्लाप्पाला द्यावे. मोठी करवत त्याच्याकडेच आहे. ती परत येईल ही आशा मी येथे सोडतो.

कलम दोन. दसऱ्यात लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या पेटीत गेल्या की त्या रिकाम्या पायऱ्यांवर आम्ही कवड्या टाकून जो लढाईचा खेळ खेळतो, त्याच्या मी कातलेल्या सोंगट्या मुलगी कावेरी हिला द्याव्यात. हत्ती, सिंह खालच्या पायरीवरून चालतात; गरुड, हंस आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड वरून उडतात. उडणाऱ्याला जखम झाली तर काय, यावर अक्काचे आणि माझे कधी जमले नाही. पंख दुखावला की पाखरू पडले, पडले की डावातून उठले, हा तिचा नियम. माझे म्हणणे, एका जखमेला एक पायरी उतरावे; पुन्हा वर चढता येणार नाही, पण खालूनही लढता येते.

खेळापुरते असते तर मी हसून सोडले असते. पण कावेरी आनेकलचे सासर सोडून माहेरी आली, तेव्हाही अक्काने तोच नियम लावला. नवऱ्याला सोडून आलेलीच्या पंगतीला मी बसणार नाही म्हणाली, आणि चार वर्षे बसली नाही. माझ्यामागे ही पोरीला घराबाहेर काढील या धास्तीने मी मागच्या मृत्युपत्रात लिहिले होते की जिन्यात भिंत घालावी, अक्का वर, कावेरी खाली. तसे अक्काच्या तोंडावर सांगितलेही होते.

यंदा श्रावणात अक्का वरच्या न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला. तिला उचलून खाली आणले ते कावेरीने, आणि पुढची सेवाही तिनेच केली. दसऱ्यानंतर खेळ मांडला, तर पहिल्याच फेरीत अक्काच्या गंडभेरुंडाचा पंख दुखावला. अक्का नियमाची पक्की. सोंगटी डावातून काढायला तिने स्वतःच हात घातला. कावेरीने तिचे मनगट धरले.

"आत्या, स्वल्प थांबा. ते पडलं नाहीये, नुसतं लागलंय."

अक्काने पायऱ्यांकडे पाहिले. मग तिने गंडभेरुंड एक पायरी खाली ठेवला.

"सरी, तसंच होऊ दे," ती म्हणाली. "प्राण्या, जिन्यात भिंत घालू नकोस."

डाव ती हरलीच, पण शेवटपर्यंत खेळली. त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

कलम तीन. घर कावेरीचे. अक्काने हयात असेपर्यंत त्यात राहावे. चढणे जमत नाही म्हणून खालची खोली तिची. जिना मोकळा ठेवावा. पंगतीबद्दल मी काही लिहीत नाही. ते मृत्युपत्राने होण्यासारखे काम नव्हे.

कलम चार. पोस्टातली शिल्लक कावेरीला. तेराव्याला दुधीची भाजी करू नये. तेव्हा मला नको म्हणता येणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, समाधानाने सही केली.

प्राणेशराव भीमाचार्य
बेंगळूर, २२ ऑक्टोबर १९५९

आमच्यासमक्ष सही झाली:
१. भगवंतराव, वकील
२. जयसिंगराव, शेजारी

मी साक्षीदार नाही. वाचून दाखवले ते ऐकले. आज रात्रीपासून कावेरीचे पान माझ्या शेजारी मांडावे. मृत्युपत्राची वाट बघू नये.
अहल्याबाई