शाळेत वाचलेलं, घरी न वाचलेलं

गुरुजी,

तुम्ही मला शब्दरूपं घोकायला लावलीत आणि तुमच्या म्हातारपणी मी तुम्हाला फीड रीडर शिकवला. अधिक छळ कोणी कोणाचा केला, ते अजून ठरलेलं नाही. माझे संस्कृतचे तास कमी झाल्यावर जुन्नरच्या शाळेतली संगणकाची खोली माझ्या गळ्यात पडली होती. निवृत्त झालेले तुम्ही सकाळच्या एसटीनं बोरीहून यायचात, माझ्या शेजारी बसून ब्लॉग वाचायचात. आवडत्या ब्लॉगांवर नवं काही आलं की फीड रीडर ते पुढ्यात आणून ठेवतो, वाचलं की यादीतून काढतो. पण तुमच्या घरच्या संगणकावर प्रोग्राम दुसरा. ब्लॉगांची यादी मी तिकडे नेली, तरी शाळेत वाचलेलं घरी पुन्हा न वाचलेलंच दिसायचं.

काचबिंदूमुळं तुमचे डोळे लवकर थकायचे. एवढीशी नजर एकाच मजकुरावर दोनदा खर्च व्हावी, हे मला बघवेना. "पुनरुक्ती हा दोष, असं तुम्हीच शिकवलंत," मी म्हटलं.

"लई हुशार झालास. असू दे की."

मी तो तुमचा संकोच समजलो. रविवारी बोरीला येऊन दोन्ही प्रोग्राम एकाच खात्याला जोडले, इथं वाचलं की तिथंही वाचलेलं दिसेल असे, आणि चहा पिऊन स्वतःवर खूश होत परतलो.

दोन दिवसांनी तुमच्या घरून काकूंचा फोन आला. लोणीच्या माहेराहून आणलेला खणखणीत आवाज. त्याला फोनची तशी गरज नव्हती.

"काय करून ठिवलंस रं भाऊ? संध्याकाळी उघडलं तर समदं कोरं. मंग मी ऐकू काय?"

"काकू, ते शाळेत वाचून झालंय."

"त्यांचं झालं. माजं कुठं झालं?"

तुम्ही शाळेत वाचलेलंच संध्याकाळी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवता, त्या भाकरी थापत असताना, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी जोडणी तोडली. डोळ्यांचं काय, विचारलं.

"जातील तवा जातील. तवर तिला कोन वाचून दाखवनार, तू?"

तुमच्या शेवटच्या वर्षी डोळे गेलेच, आणि रविवारी बोरीला येऊन मीच तुम्हा दोघांना वाचून दाखवायचो. काकू म्हणायच्या, "बरं वाचतोस. पन ह्यांच्यावानी न्हाई."

हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून सांगतो. माझा फोन आणि घरचा संगणक मीही जोडलेले नाहीत. बायको विचारते तेव्हा तांत्रिक अडचण सांगतो. फोनवर काही चांगलं वाचलं की संध्याकाळी ते संगणकावर पुन्हा उघडून बसतो. ती आत स्वयंपाकघरात असते. हाक मारायचं मात्र अजून जमलेलं नाही.