पाच डिस्कच्या पेटीचा वारस

मी, उज्ज्वला हौशीराम वेठेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा व्हिडिओ शूटिंग, राहणार पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीला घातले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाने, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते ऐसाजे. धंद्याच्या जागी वकिलांच्या कारकुनाने 'घरकाम' टाकले होते. ते मी खोडायला लावले. घरकामही जन्मभर केले, पण त्याची वाटणी कोणी मागत नाही.

१. माझे पती हौशीराम हयात नाहीत. मुलगा सुनील हा एकच वारस. पिंपरी पेंढारचे राहते घर व घरामागची जमीन सुनीलला मिळावी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या कलमांत आहे.

२. आळेफाट्यावरच्या आमच्या स्टुडिओत पाच हार्ड डिस्क बसवलेली काळी पेटी आहे. जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत आम्ही नवराबायकोने टिपलेले सगळे तमाशे तिच्यात आहेत. कॅमेरा ह्यांचा, पण कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवणे, नावे घालणे, जपणे हे काम माझे. पेटी मीच आणली, मीच बसवली. पाची डिस्क मिळून साठा एकच. प्रत्येक गाण्याचे तुकडे पाचांवर वाटलेले असतात. एक डिस्क मेली तर उरलेल्या चौघी तिची उणीव भरून काढतात. दोन एकदम गेल्या तर काहीच हाती लागत नाही. हे मी सुनीलला पेटी आली त्याच दिवशी सांगितले होते. पेटीवर ठळक लिहूनही ठेवले होते.

३. गेल्या वर्षी जत्रांचा हंगाम संपता संपता नारायणगावची साळुबाई वारली. गवळण म्हणावी तर तिनेच. तिची मुलगी समृद्धी आता फड चालवते. ती स्टुडिओत येऊन म्हणाली, "काकू, आईचा आवाज द्या. दहाव्याला लावायचाय." मी पेटी उघडायला गेले तर लाल दिवे, आणि दोन खण रिकामे. मी काही विचारायच्या आत सुनील गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणाला, "जुनं मशीन हाये ते. आईनं कायतरी दाबलं आसंल."

समृद्धी मान खाली घालून गेली. मग त्याने कबूल केले, "ड्रोनच्या शूटिंगला जागा पुरंना. पाचातल्या दोनच घेतल्या, तीन हायेत की." त्या दोन पुसून त्यावर कुणाचे तरी लग्न भरलेही होते.

"पाच शेळ्या असत्या तर तुझा हिशोब बरोबर व्हता," मी म्हणाले. नुकसान एकवेळ गिळले असते. पण ज्या पेटीवर मी जीव लावला, ती मीच बिघडवली असे चारचौघांत माझ्या पोटच्या मुलाने सांगितले, हे मी गिळलेले नाही.

४. जुन्नरचे घड्याळजी बदरुद्दीन मोमीन हे ह्यांचे मित्र. साठ्याची एक नक्कल मी त्यांच्या घरी ठेवत आले. पेटी कितीही शहाणी असली तरी आग, वीज आणि घरचा माणूस यांच्यापुढे तिचे काही चालत नाही. 'परक्याच्या घरात कशाला' असे सुनील म्हणायचा. निरोप मिळताच बदरुद्दीनभाई एसटीने डिस्क घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, मांडीवरून खाली ठेवलीच न्हाई." आम्ही दोन नव्या डिस्क घालून पेटी पहिल्यापासून उभी केली आणि सगळे परत भरले. तोवर दहावा होऊन गेला होता.

समृद्धीला बोलावून गवळण ऐकवली. ती पडद्याला हात लावून म्हणाली, "आई लई तरणी हाये ह्याच्यात." मग विचारले, "आन् औंदाचं, काकू?"

त्या हंगामाची नक्कल अजून व्हायची होती. साळुबाई शेवटच्या जत्रेत गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून गायली होती, दम लागला की हसायची. ते गेले. ते मी समृद्धीला सांगितले, आणि मी काही दाबले नव्हते हेही सांगितले. कोणी काय केले ते ज्याने केले त्याने सांगावे.

५. पेटी, तिची बॅटरी व कपाटातली कोरी डिस्क समृद्धीला मिळावी. पावसाळ्यात फड बंद असतो तेव्हा ती येऊन माझ्याजवळ शिकली आहे. तरी लिहून ठेवते. पिवळा दिवा लागला की डिस्क त्याच दिवशी बदलायची. नवी डिस्क भरून होईस्तोवर पेटी बंद करायची नाही, हलवायची नाही. दर महिन्याला सगळ्या डिस्क तपासायच्या. जत्रा झाली की घरी जाण्याआधी नक्कल करायची आणि ती जुन्नरला बदरुद्दीनभाईंकडे पोचवायची. कुठल्याही फडाचे माणूस आपल्या माणसाचा आवाज मागायला आले तर त्याला बसवून ऐकवायचा.

६. स्टुडिओचा गाळा सुनीलला मिळेल, पण आधी त्याने समृद्धीसमोर उभे राहून डिस्क आपण काढल्या आणि आईवर खोटे घातले, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. तोवर गाळ्याची किल्ली या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून बदरुद्दीनभाईंकडे राहील. सुनील मला म्हणाला, "आई, कागदावर लिहून देतो. तिच्या फडावर जायला लाज वाटती."

"माझी गिऱ्हाइकांसमोर काढलीस, तवा नाय वाटली?" मी विचारले. तो उठून गेला.

तो जाऊन आला तर हे कलम मी स्वतः रद्द करीन. आज मसुदा वाचून झाल्यावर वकिलांनी विचारले, "बाई, सहावं कलम ठेवायचं का काढायचं?" सुनील दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. वकिलांनीही पाहिले. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला.

कलम ठेवले आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

लिहून ठेवणार: उज्ज्वला हौशीराम वेठेकर (सही)

साक्षीदार:
गेणभाऊ बबन कुऱ्हाडे, रा. आळे (सही)
श्रेया सुदर्शन डोके, रा. आळेफाटा (सही)

ठिकाण: आळेफाटा
दिनांक: १५ सप्टेंबर २०२५